बीसी ५४७ आणि आम्ही

दिवा लावायला बटण लागतं, हे घरीच कळलेलं असतं. पॉलिटेक्निकला गेल्यावर कळतं की त्या बटणाच्या जागी बीसी ५४७ नावाचा ट्रान्झिस्टर लावायचा आणि त्याला चालू करायला त्याच्या तीन पायांपैकी बेसकडे आणखी एक बटण ठेवायचं. मग आधीचं काय वाईट होतं, असं विचारलं की सर म्हणतात, "प्रिन्सिपल समजून घ्या."

प्रिन्सिपल सोपं आहे. बेसमधून चिमूटभर करंट सोडला की दुसऱ्या पायातून, कलेक्टरमधून, ओंजळभर वाहतो आणि तिसऱ्यातून, एमिटरमधून, बाहेर पडतो. आकडेही फळ्यावर मुकाट जुळतात. सप्लाय ५ व्होल्ट, त्यातले २ लाल एलईडी खाणार, पुढे ३३० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे साडेआठेक मिलिअँपिअर. त्याचा दहावा हिस्सा बेसला, म्हणून तिथे ४.७ के, म्हणजे ४७०० ओहमचा रेझिस्टर. इथपर्यंत आम्ही इंजिनिअर होतो. मग डबा उघडला.

रेझिस्टरवर पिवळा, जांभळा, लाल पट्टे म्हणजे ४.७ के. शेवटचा पट्टा तपकिरी असेल तर ४७० ओहम, नारिंगी असेल तर ४७ के. आमच्या लॅबच्या ट्यूबलाइटखाली हे तिन्ही रंग चहाच्या डागासारखे दिसतात. मल्टीमीटरने तपासावं, तर तो पलीकडच्या टेबलावर, आणि तिथली मुलं त्यात सेल आहे का ते बघतायत.

एलईडीचा लांब पाय प्लसचा. पण आधीच्या बॅचेसनी सगळे पाय कापून सारखे केलेले. लॅबमधली समता काय ती एवढीच. (तेव्हाच पार्टनरने ठरवलं, पुढच्या वेळी पुण्यात पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन स्वतःचे एलईडी आणायचे.)

बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. भिंतीवरच्या तक्त्यात मात्र तो खालून बघून काढलाय आणि तसं सांगणारी ओळ खिळ्याखाली गेलीय. तक्त्याबरहुकूम लावला. एलईडी पेटला, पण मिणमिणता. कलेक्टर आणि एमिटर उलटे लागले तरी हा पठ्ठ्या संपावर जात नाही, काम केल्यासारखं दाखवतो. सरळ बंद पडला असता तर दोष शोधणं तरी सोपं गेलं असतं!

तो सुलटा केला आणि जागा पुरेना म्हणून सगळं ब्रेडबोर्डाच्या, म्हणजे वायरी खोचायच्या भोकांच्या पाटीच्या, उजव्या बाजूला हलवलं. आता एलईडी ठार विझला. सरांनी सर्किट तपासलं, बरोबर निघालं. दुसरा ट्रान्झिस्टर दिला, तोही बरोबर निघाला. शेवटी लॅबचे मामा हातातला स्टूल खाली ठेवून आले, सप्लायच्या पट्टीत मधोमध वायरचा एक तुकडा खोचला आणि गेले. ती लांबलचक पट्टी आतून मध्यावर तुटलेली असते, हे फक्त मामांना माहीत. एलईडी झगझगीत!

पार्टनरला मग चेव चढला. त्याने बेसचा रेझिस्टर काढला, एका बोटाने प्लस, दुसऱ्याने बेस धरला. एलईडी अंधूक पेटला.

"घाम फुटलाय ना, म्हणून," मामा म्हणाले. "ओरल जवळ आली वाटतं."

कलेक्टर-एमिटर व्होल्टेज आलं ०.०९. खरं तर झकास रीडिंग, कमी तेवढं चांगलं. पण सीनिअर्सच्या जर्नलमध्ये ०.२ आहे, त्यांच्या सीनिअर्सच्याही ०.२ च होतं, त्यामुळे पार्टनरने ०.२ लिहिलं आणि सरांनी न बघता सही केली.

पुढच्या आठवड्यात रिले, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच, आहे. कॉइलला समांतर डायोड जोडायचा असतो आणि तो मुद्दाम उलटा लावायचा असतो म्हणे. तक्ता बघूनच लावणार आहोत.