‘चालतंय तोवर हात लावू नका’ : जुन्या स्पोर्ट्स सेडानबद्दलचा एक लाडका सल्ला

जुनी स्पोर्ट्स सेडान घेतली की पहिल्या आठवड्यातच एक मजकूर येऊन पोचतो. पाठवणारा तो स्वतःच्या अनुभवाचा म्हणून पाठवतो, शब्द मात्र दरवेळी तेच. गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभराचं असतं, जुन्या गिअरबॉक्सचं बदललंत तर तो मरतो. कूलंट कमी झालं तर पाणी घाला, तापमानाचा काटा मध्यावर आहे तोवर काळजी नाही. टायमिंग चेन आहे, बघायला नको. जुन्या इंजिनाला जाड ऑइल लागतं. ब्रेक ऑइल गळत नसेल तर राहू द्या. आणि शेवटी ठसक्यात : चालतंय तोवर हात लावू नका.

हे धडधडीत खोटं असतं तर कुणी पुढे पाठवलंच नसतं. प्रत्येक कलमात खऱ्याचा एक कण आहे, म्हणून ते टिकलंय.

गिअरबॉक्सपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठा खड्डा तिथे आहे. ‘आयुष्यभराचं’ हे खरं, पण कुणाच्या आयुष्याचं? बीएमडब्ल्यू, ऑडी, जॅग्वारच्या कितीतरी सेडानमध्ये झेडएफचा सहा गिअरचा ६एचपी ऑटोमॅटिक बसवलेला आहे; तो २००१ साली आला. गाडी विकणारे ‘लाइफटाइम ऑइल’ म्हणत राहिले. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं, यांतलं जे आधी येईल तेव्हा ऑइल बदला म्हणते. ज्यानं डबा बनवला त्याचं ऐकायचं की ज्यानं तो विकला त्याचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

‘बदललं आणि मेला’ हे किस्से मात्र खरे असतात, आणि त्यांची दोन साधी कारणं आहेत. पहिलं, रोगी उशिरा येतो. गिअर घसरायला लागल्यावर, झटके बसायला लागल्यावर ऑइलची आठवण होते. क्लचच्या प्लेटा तोवर संपलेल्या असतात. त्या ऑइल न बदलताही त्याच महिन्यात गेल्या असत्या. झिजलेल्या प्लेटांचा चुरा ऑइलमध्ये असतो आणि त्याच्यावरच पकड टिकून असते, असंही सांगतात. पकड प्लेटांच्या अस्तरामुळे आणि ऑइलमधल्या रसायनांमुळे येते. चुरा फक्त व्हॉल्व्ह अडवतो.

दुसऱ्या कारणाकडे फार कुणी बघत नाही : पातळी. या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे पातळी बघायची सळी, नाही. इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट उचलून, ऑइलचं तापमान ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असताना भरायच्या तोंडातून बारीक धार बाहेर येईपर्यंत भरायचं असतं. थंड, बंद गाडीत ‘भरलं वाटतंय’ म्हणून बूच लावलं की ऑइल बरंच कमी पडतं, आणि गिअरबॉक्स खरोखरच बिघडतो. मग दोष नव्या ऑइलच्या माथी.

फिल्टर अनेकदा प्लास्टिकच्या पॅनमध्येच बसवलेला येतो, म्हणून पॅनसकट बदलावा लागतो. पॅन काढलाच आहे तर मेकॅट्रॉनिकच्या (गिअर बदलवणाऱ्या नियंत्रण भागाच्या) विद्युत जोडणीभोवतीची सीलवाली बाहीही बदलून घ्यावी. या गिअरबॉक्सची बरीच गळती तिथूनच होते. एका वेळी साधारण अर्धंच ऑइल निघतं, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलमार्फत जोडणाऱ्या भागात, राहतं. म्हणून काही हजार किलोमीटरनी पुन्हा एकदा बदललेलं चांगलं. आधीच घसरणाऱ्या गिअरबॉक्सला यंत्रानं दाब देऊन फ्लश मात्र करू नये. एवढ्यापुरता तो मजकूर बरोबर.

आता कूलंट. ‘काटा मध्यावर’ हे वाक्य मी स्वतः किती वेळा म्हटलंय, त्याचा हिशेब नाही. बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीच्या थ्री सिरीजमध्ये तो काटा मुद्दामच मध्यावर धरून ठेवलेला असतो; तापमान वीस-पंचवीस अंशांनी वरखाली झालं तरी तो हलत नाही, उगाच चालकाला घाबरवायला नको म्हणून. तो हलला याचा अर्थ ‘सावध व्हा’ नाही, ‘गाडी आत्ता थांबवा’. पाचेक मिनिटं तशीच रेटली की ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, आणि या घराण्यातल्या एम५४ इंजिनात हेड बोल्टचे ब्लॉकमधले आटेही सुटतात.

आणि तिथे पंचाईत पाण्याची नसून प्लास्टिकची असते. एक्स्पान्शन टाकी, रेडिएटरची तोंडं, थर्मोस्टॅटचं घर हे सगळं वर्षानुवर्षं तापून-निवून बिस्किटासारखं ठिसूळ होतं. गाडी रोज पाच किलोमीटर चालली काय नि पन्नास काय, वय तेवढंच वाढतं. माझी टाकी शिवणीवर उकलली तेव्हा त्या आधीच्या आठवड्यातच मी ती हातात धरून ‘ठीक दिसतेय’ म्हटलं होतं. त्यानंतरच्या ई९० पिढीत, एन५२ आणि एन५४ इंजिनांवर, कूलंटचा पंप विजेवर चालणारा आहे. तो हळूहळू कुरकुरत नाही, बहुधा एकदमच जातो. पंप आणि थर्मोस्टॅट जोडीनं बदलायचे आणि त्यांचे ॲल्युमिनियमचे बोल्ट नवेच घालायचे. ते एकदाच ताणण्यासाठी असतात.

पाण्याचं म्हणाल, तर अडीनडीला घालून घर गाठावं. पण नुसतं पाणी गंजरोधक रसायनं पातळ करतं, नळाचं असेल तर क्षारही चढवतं. डिस्टिल्ड पाणी आणि कंपनीनं सांगितलेलं कूलंट निम्मं निम्मं, हे बहुतेक ठिकाणी चालतं. रंग बघून कूलंट घेऊ नये, कारण कोणत्या रंगाचं म्हणजे कोणतं कूलंट, हे कुणीच ठरवलेलं नाही. आणि कूलंट वारंवार कमी होत असेल तर ते कुठेतरी जातंय. तो प्रश्न पाणी ओतून सुटत नाही.

आता टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी; तिच्याबद्दल थोडक्यात. बी६ पिढीच्या ऑडी एस४ ची ४.२ लिटरची व्ही८ बघा : चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, तिचे गाइड प्लास्टिकचे, आणि तिथवर पोचायला इंजिन उतरवावं लागतं. थंड गाडी चालू करताना दोनतीन सेकंद खडखड ऐकू आली तर ती ‘जुन्या गाडीची सवय’ नव्हे. चेनचं आयुष्य ऑइलवर आहे, त्यामुळे ३०,००० किलोमीटरपर्यंत ताणलेला ऑइल बदल आणि चेनवरचा विश्वास एकत्र नांदत नाहीत. चेनऐवजी पट्टा असलेल्यांनीही निवांत राहू नये. आल्फा रोमिओ १५६ च्या ट्विन स्पार्क इंजिनाच्या पट्ट्याची मुदत कंपनीनं आधी दिली, नंतर स्वतःच जवळपास निम्मी केली. पुस्तिकेतला आकडासुद्धा बदलतो.

जाड ऑइलचं कलम गमतीचं आहे. ई९० एम३ च्या (थ्री सिरीजच्या वेगवान आवृत्तीच्या) व्ही८ ला १०डब्ल्यू-६० हे जाड ऑइल लागतं हे खरं, पण ती गाडी जुनी झाली म्हणून नव्हे. कारखान्यातून निघाली त्या दिवसापासून लागतं. ते बघून साध्या ३२५ मध्ये तेच ओतणारे भेटतात. व्हॅनोससारखी कॅम फिरवणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर आणि बारीक वाटांवर चालते. थंडीत जाड ऑइल तिथे उशिरा पोचतं. आणि गळती? ती ऑइल पातळ म्हणून होत नाही, गॅस्केट दगड झालं म्हणून होते. व्हॉल्व्ह कव्हरचं आणि ऑइल फिल्टरच्या घराचं, ही दोन नेहमीची. दुसरं दुर्लक्ष करण्यासारखं नाही. ऑइल थेट अल्टरनेटर फिरवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यावर ठिबकतं, पट्टा निसटतो आणि एन५४ सारख्या इंजिनात क्रँकच्या पुढच्या सीलमधून आत ओढला जातो. एक रबराची पट्टी वाचवली म्हणून पूर्ण इंजिन खोलायची वेळ.

ब्रेक ऑइल गळत नसलं तरी हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या नेहमीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नव्यानं किमान २३० अंश, त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की किमान मर्यादा १५५. घाट उतरताना पेडल अचानक मऊ लागलं की हा फरक पायाला कळतो. दर २ वर्षांनी बदलायचं, विषय संपला.

‘हात लावू नका’ हे एका ठिकाणी मात्र मला मनापासून पटतं. इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर ‘मिश्रण विरळ’ (हवा जास्त, पेट्रोल कमी) म्हणतो, आणि त्याच संध्याकाळी नवा ऑक्सिजन सेन्सर बसतो. पुढच्या आठवड्यात दिवा पुन्हा हजर. मग एअर मास सेन्सर, मग इंजेक्टर. सेन्सर बिचारा खरंच सांगत होता : कुठूनतरी मोजमापाबाहेरची हवा आत शिरतेय. ई४६ मध्ये ती बहुतेकदा एअर फिल्टरच्या पुढच्या रबरी नळीच्या घड्यांमधून किंवा क्रँककेसच्या श्वासनळ्यांमधून शिरते, आणि ती भेग नळी हातानं ताणल्याशिवाय दिसत नाही. तिथे सुटा भाग विकत घ्यायच्या आधी इनटेकमध्ये धूर सोडून बघा. धूर जिथून बाहेर येईल तेवढंच बदला.