‘पळवाट’ या शब्दाविषयी

प्रकटीकरणावरील, म्हणजे देव स्वतःहून माणसाला सत्य उघड करतो या ख्रिस्ती श्रद्धेवरील, माझ्या लेखावर आपण प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. पहिल्याच ओळीत मला ‘भाबडा प्रचारक’ ही पदवी बहाल केली नसती, तर ते अधिक मनापासून मानता आले असते. मतभेद मला बोचत नाही. शाळकरी पोराच्या वहीवर लाल शेरा मारावा तसा आपला सूर बोचतो.

एक चूक मान्य करतो. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती धर्माचार्य इरेनियसने येशूचा शिष्य प्रेषित योहान याला पाहिले होते, असे मी लिहून गेलो. त्याने लहानपणी ऐकले ते स्मर्नाचा बिशप पॉलिकार्प याला. योहानाच्या सहवासाच्या आठवणी पॉलिकार्प सांगत असे. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता आपले ते वाक्य: ‘प्रकटीकरण ही चिकित्सेतून सुटण्याची पळवाट आहे, कारण तुम्हाला काय प्रकट झाले ते दुसरा कोणी तपासू शकत नाही.’ हे लिहिण्यापूर्वी बायबलमधील पौलाच्या गलतीकरांस पत्राचे पहिले दोन अध्याय वाचण्याची तसदी घ्यायला हवी होती. शुभवर्तमान, म्हणजे ख्रिस्ताविषयीची सुवार्ता, आपल्याला माणसाकडून नव्हे तर येशू ख्रिस्ताच्या प्रकटीकरणाने मिळाले, असे ठणकावून सांगणारा पौलच ३ वर्षांनी येशूचा शिष्य पेत्र याला भेटायला जातो, त्याच्याकडे १५ दिवस राहतो आणि १४ वर्षांनंतर पुन्हा यरुशलेमेस जाऊन, आपली धाव व्यर्थ तर ठरणार नाही ना या काळजीने, तेच शुभवर्तमान तिथल्या प्रमुखांपुढे मांडतो. पळवाट शोधणारा माणूस साक्षीदारांचे दार ठोठावतो का? करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात तर तो सांगतो की, पुनरुत्थित ख्रिस्ताला एकाच वेळी पाहिलेल्या ५०० हून अधिक बांधवांपैकी बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे, शंका असेल तर विचारा त्यांना. प्रेषितांच्या साक्षीपासून तुटलेल्या खाजगी स्फुरणाला मी प्रकटीकरण म्हटलेले नाही. तसे म्हणणारे पुष्कळ आहेत, पण त्यांचे उत्तर मी का द्यावे?

‘ग्रीक न शिकता बोलू नये’ हा टोमणाही वाचला. मी दोन वर्षे ग्रीक शिकलो आहे. तरीही योहानाच्या पहिल्या पत्राच्या आरंभीचे ‘हातांनी चाचपले’ हे शब्द मला कळले ते व्याकरणातून नव्हे, तर वडिलांच्या अखेरच्या रात्री, त्यांचा हात हातात धरून ते पत्र वाचून दाखवताना. याला आपण भावनाविवशता म्हणाल. खुशाल म्हणा.

मार्काच्या शुभवर्तमानाची शेवटची १२ वचने सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीत, हे बायबलच्या तळटिपांतही छापलेले असते. त्यामुळे माझा लेख कसा कोसळतो, ते आपणच जाणे. बाकीच्या मुद्द्यांत मला दम दिसला नाही. बायबलमधल्या, रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचणाऱ्या त्या अधिकाऱ्याने, कोणी उलगडून सांगितल्याशिवाय मला कसे समजणार, असे सुवार्तिक फिलिप्पाला निदान विचारले तरी होते.