‘घरातल्याच’ वस्तूंपासून

जांभ्याच्या मातीचा रंग पाण्याने जात नाही, फक्त जागा बदलतो. हातावरून टॉवेलवर, टॉवेलवरून ह्यांच्या पांढऱ्या बनियनवर आणि बनियनवरून घरातल्या वातावरणावर. यात मातीचा दोष नाही. आमच्या रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. असल्या पावसाने युगानुयुगं खडकातलं जे जे विरघळण्यासारखं होतं ते धुऊन नेलं आणि जे काही केल्या विरघळेना ते आमच्या परसात ठेवलं. म्हणजे लोखंडाचा गंज. जो एवढ्या पावसाला बधला नाही, तो माझ्या तांब्याभर पाण्याला काय भीक घालणार?

एरवी मी हातांकडे बघतही नाही. पण मे महिना पडवळ-दोडक्याची आळी खणून ठेवण्याचा, तसाच लग्नांचाही. सकाळी ज्या हातांनी शेणखत कालवलं, तेच संध्याकाळी आहेर द्यायला पुढे करायचे. एका लग्नात मुंबईच्या पाहुण्या बाईंनी माझा हात हातात घेतला आणि कौतुकाने विचारलं, “मेंदी छान रंगलीय हो! पण नखांच्या आत कशी काढली?”

म्हटलं, आता हातांसाठी स्क्रब करायचाच. कृती जगजाहीर आहे. दोन वाट्या दाणेदार काहीतरी, म्हणजे साखर नाहीतर मीठ, एक वाटी तेल, थोडा लिंबाचा रस. तेलाने मळ आणि चीक सुटतो, दाण्याने तो खरवडून निघतो. आणि हे सगळं म्हणे ‘घरातल्याच वस्तूंपासून’. असं सांगणाऱ्यांच्या घरात दुसरं कोणी राहत नसावं. आमच्याकडे एकही वस्तू नुसती घरातली नाही, प्रत्येकीला मालक आहे.

साखर ह्यांची. डॉक्टरांनी बंद केल्यापासून तर जास्तच. मी दोन वाट्या काढल्या आणि त्या दिवसापासून ह्यांची पंचाईत झाली. डबा हलका कसा झाला, हे विचारावं तर रोज डबा कोण उचलून बघतं ते उघड होणार. बिचारे नुसते माझ्याकडे टक लावून बघत. निकाल मात्र मुंग्यांनी लावला. मोरीच्या कट्ट्यावर बरणी ठेवली आणि हात धुऊन येईपर्यंत परसातून सरळ रांग लागली.

लिंबं लोणच्यासाठी मोजून ठेवलेली. शिवाय लिंबू चोळून उन्हात गेलं की कातडी पोळते आणि मागे काळे डाग राहतात. बागेत राबणाऱ्या बाईला हे औषध म्हणजे दिवेलागणीनंतरच. काही जण कॉफीचा चोथा सुचवतात. आमच्याकडे चहा, आणि त्याच्या चोथ्याचा सातबारा गुलाबाच्या नावावर.

खोबरेलाची बाटली सासूबाईंच्या ताब्यात. थोडं केसांना, उरलेलं फणस चिरताना हाताला आणि विळीला. त्या वामकुक्षी घेत असताना मी वाटीभर काढून घेतलं आणि साखरेच्या जागी जाडं मीठ घातलं. हातावर चोळल्याबरोबर करवंदीच्या काट्यांनी कुठे कुठे सही केली होती, त्याची सविस्तर यादी मिळाली. माझ्या किंकाळीने सासूबाई उठून आल्या. त्यांचं माहेर शिरोडा.

“आमच्या शिरोड्यात १९३० सालात मिठासाठी सत्याग्रह झालो, आणि तू ता हातार चोळून मोरीत सोडतंस?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बातमी गडग्यापलीकडे गेली आणि सल्ले यायला लागले. एका काकूंनी रिठे सांगितले, दुसरीने चुलीतली राख. लिंबाऐवजी कोकमाचं आगळ लाव, असंही एकीचं म्हणणं. म्हणजे लाल हात जांभळे करून घ्यायचे. एक काका तर म्हणाले, “काजूच्या टरफलाचं तेल लाव, सालच निघेल.” हे शब्दशः खरं आहे. काजू भाजताना ज्याच्या अंगावर एखादा थेंब उडालाय त्याला विचारा.

शेवटी कामी आली तांदळाची कणी, मिक्सरमधून जराशी फिरवलेली. मुंग्या फिरकत नाहीत, झोंबत नाही. फक्त ती कोंबड्यांच्या वाट्याची होती. मी मोरीपाशी हात चोळत बसले की साऱ्या जणी समोर येऊन उभ्या राहत आणि एक डोळा माझ्यावर रोखत. ह्यांच्या नजरेत आणि त्यांच्या नजरेत फारसा फरक नव्हता.

पण काम झालं, हे कबूल केलं पाहिजे. आधी कोरड्याच हातावर कणी आणि तेल चोळायचं, पाणी मागून. पाणी आधी लागलं की तेल हाताला धरत नाही. नंतर बेसनाने धुवायचं. आणि मातीत हात घालण्याआधी साबणाच्या वडीवर नखं ओढून घ्यायची, म्हणजे खाली साबण भरतो आणि मातीला जागाच उरत नाही. शेवटी सासूबाईंनीच फडताळातून मुठेलाचा गोळा काढून दिला. हे रातांब्याच्या बियांचं तेल ऐन मे महिन्यातही घट्ट असतं, पण तळहातांवर घासलं की लोण्यासारखं मुरतं. त्यांच्या टाचांसाठी ठेवलेला होता तो. माझ्यावर एवढी मेहेरनजर का, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

“बरे झाले गो हात,” उलटसुलट बघून त्या म्हणाल्या. “आता फणस चिरूक घे. तेल लाव आधी हाताक.”

मी बाटली उलटी केली. थेंब नाही.

सासूबाईंनी एकदा बाटलीकडे बघितलं, एकदा स्क्रबच्या बरणीकडे. मग बरणीत दोन बोटं घातली आणि विळीच्या पात्याला खसाखसा फासली. रात्री गरे खाताना ह्यांच्या दाताखाली कणी कचकचली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी साखरेच्या डब्याकडे बघितलं, आणि त्यांनी मुकाट्याने दुसरा गरा उचलला.