‘डार्क शॅडोज’मधली भुतं उसनी आणलेली नव्हती

जुन्या अमेरिकी मालिकांचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे सरकवला जातो. ‘डार्क शॅडोज’ ही म्हणे दुपारची एक साधी, रटाळ कौटुंबिक मालिका होती. बंद पडायच्या बेतात असताना निर्मात्याने तिच्यात अचानक व्हॅम्पायर आणला आणि ती तरली. हा व्हॅम्पायर पहिल्यापासून दुःखी, पश्चात्तापाने पोळलेला प्रियकर म्हणूनच रचला होता. पुढे कथेला काही धरबंध उरला नाही, चुकांनी भरलेले भाग लोकांनी हसण्यासाठी पाहिले, आणि शेवटी भुतांचा वीट आला म्हणून मालिका गुंडाळली गेली.

मी ही मालिका पहिल्या भागापासून ओळीने पाहिली आहे आणि तिच्यावर माझा जीव आहे. त्यामुळे हा मजकूर वाचला की वाईट वाटतं. त्यात खरं काहीच नाही असं नाही. पण बहुतेकांनी मालिका बार्नाबस कॉलिन्स हा व्हॅम्पायर येतो तिथून पाहायला घेतली आणि त्याआधीचे दोनशेहून जास्त भाग सोडून दिले. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

त्या आधीच्या भागांपासूनच सुरुवात करू. एबीसी वाहिनीवर २७ जून १९६६ रोजी मालिका सुरू झाली. व्हिक्टोरिया विंटर्स ही अनाथालयात वाढलेली मुलगी रात्रीच्या आगगाडीने मेन राज्यातल्या कॉलिन्सपोर्ट या मासेमारीच्या गावी निघाली आहे. कॉलिनवूड नावाच्या वाड्यात डेव्हिड या लहान मुलाची गव्हर्नेस म्हणून तिला नोकरी मिळाली आहे. वाड्याची मालकीण एलिझाबेथ अठरा वर्षांत फाटकाबाहेर पडलेली नाही. तळघरातली एक खोली कायम कुलूपबंद असते. रात्री कुठूनतरी बाईच्या हुंदक्यांचा आवाज येतो. आता यात साधी कौटुंबिक मालिका कुठे दिसते? निर्माता डॅन कर्टिस याला ही मालिका सुचली तीच मुळी आगगाडीतल्या मुलीच्या स्वप्नावरून, आणि पहिल्या आठवड्यापासून तिची चाल गॉथिक कादंबरीची आहे.

तरीही कोणी म्हणेल, हुंदके म्हणजे भूत नव्हे. मान्य. मग सप्टेंबर १९६६ मधला सत्तरावा भाग पाहा. पडक्या जुन्या घरात जोसेट या पूर्वजेचं तैलचित्र टांगलेलं आहे. डेव्हिड व्हिक्टोरियाला ते दाखवतो, दोघं निघून जातात, आणि रिकाम्या खोलीत जोसेट चित्रातून उतरून खांबांमध्ये नाचू लागते. पाहायला तिथे कुणीच नाही. कोणाला भास झाला, कोणाला स्वप्न पडलं, अशी पळवाट लेखकाने स्वतःसाठी ठेवलेली नाही. भूत आहे म्हणजे आहे. बार्नाबस यायला तेव्हा अजून सहा महिन्यांहून जास्त अवकाश होता.

थोड्याच दिवसांत बिल मॅलॉयचं भूत येतं, आणि माझ्या मते संपूर्ण मालिका समजून घ्यायची किल्ली इथे आहे. मॅलॉय हा कॉलिन्स घराण्याच्या धंद्याचा व्यवस्थापक. दहा वर्षांपूर्वी रॉजर कॉलिन्सने दारूच्या नशेत गाडी चालवून एका माणसाचा जीव घेतला होता आणि गुन्हा बर्क डेव्हलिन नावाच्या मित्रावर ढकलला होता. बर्क पाच वर्षं तुरुंगात जाऊन आला. हे मॅलॉयच्या ध्यानात येतं, तो बोलून दाखवायला निघतो, आणि समुद्रात मरून पडतो. वाड्याच्या बंद भागात व्हिक्टोरिया कोंडली गेलेली असताना तो तिच्यासमोर उभा राहतो, अंगावर समुद्रातलं शेवाळ घेऊन. तो जातो, पण जमिनीवर ओलं शेवाळ तसंच असतं. त्याला मारणारा मॅथ्यू मॉर्गन हा वाड्याचा रखवालदार. मालकिणीच्या घराण्याला बट्टा लागू नये एवढ्यासाठी त्याने हे केलेलं असतं. डिसेंबरमध्ये त्याने व्हिक्टोरियाला जुन्या घरात डांबून ठेवलेलं असताना जोसेट आणि इतर भुतं त्याच्याभोवती जमतात. मॅथ्यू भीतीने जागच्या जागी मरतो.

म्हणजे पोलिसांनी, कोर्टाने, नातेवाइकांनी जे दाबून टाकलं त्याचा हिशेब भुतं मागतात. कॉलिनवूडची जवळजवळ प्रत्येक भुताटकी अशा एखाद्या झाकलेल्या पापातून उगवते. ती बाहेरून आणून चिकटवलेली नाही.

त्यानंतरचा लॉरा कॉलिन्सचा भाग तर चर्चेत कोणाच्या ओठांवरही नसतो, याचं मला फार नवल वाटतं. लॉरा ही डेव्हिडची आई. ती बऱ्याच वर्षांनी परत येते आणि मुलाला सोबत न्यायचं म्हणते. हळूहळू कळतं की लॉरा मर्डॉक नावाची एक बाई १७६७ मध्ये आगीत मेली होती, आणखी एक १८६७ मध्ये, तीही आगीतच. ही आई म्हणजे फिनिक्स आहे, जळून राखेतून पुन्हा जन्मणारी. शंभर वर्षांनी ती स्वतःला जाळते आणि या खेपेला मुलालाही ज्वाळांत बोलावते आहे. वाड्यात प्लँचेट होतं, परलोकविद्येचा अभ्यासक बोलावला जातो, तो जिवाला मुकतो. मार्च १९६७ मध्ये जळत्या झोपडीत आई हाका मारते आहे आणि व्हिक्टोरिया बाहेरून ओरडते आहे, मधे तो पोरगा. आईची माया हीच जीवघेणी असू शकते, ही गोष्ट दुपारच्या मालिकेत इतक्या सरळ, इतक्या थंड डोळ्यांनी सांगितली गेली होती, तीही व्हॅम्पायरशिवाय.

आता बार्नाबसकडे येऊ. मालिकेची प्रेक्षकसंख्या चिंताजनक होती हे खरं, आणि गमावण्यासारखं फारसं काही नसल्यामुळे कर्टिसने मोठी उडी घेतली हेही खरं. पण ‘अचानक आणला’ हे खोटं. तो कसा येतो ते पाहा. एलिझाबेथला वाटत असतं की अठरा वर्षांपूर्वी आपल्या हातून नवरा मेला आणि त्याचं प्रेत तळघरातल्या पेटीत पुरलं आहे. हे गुपित ठाऊक असलेला जेसन मॅग्वायर पैसे उकळायला वाड्यात ठाण मांडतो. त्याच्यामागोमाग येतो विली लूमिस, त्याचा उडाणटप्पू साथीदार. वाड्याच्या प्रवेशदालनातल्या पूर्वजाच्या चित्रातले दागिने पाहून विलीला हाव सुटते. दागिने घराण्याच्या स्मशानगृहात पुरले असतील अशा अंदाजाने तो तिथे शिरतो, गुप्त खोली शोधतो, साखळदंडांनी जखडलेली शवपेटी उघडतो. आतून एक हात येतो आणि त्याचा गळा धरतो. एप्रिल १९६७, दोनशे दहावा भाग.

एका खंडणीखोराच्या साथीदाराच्या हावेतून व्हॅम्पायर मोकळा झाला! एलिझाबेथने भीतीपोटी अठरा वर्षं तोंड उघडलं नाही, म्हणून जेसन घरात शिरला. जेसन शिरला म्हणून विली आला, आणि विली आला म्हणून ती पेटी उघडली. पुढे तळघरातली पेटी खणतात तेव्हा ती रिकामी निघते. नवरा मेलेलाच नव्हता, अठरा वर्षांचा कैदवास एका थापेवर उभा होता. आणि तो जेसन? दागिन्यांच्याच शोधात जुन्या घरात जातो आणि बार्नाबसच्या हातून मरतो. दोन कथानकं एकमेकांत इतकी घट्ट विणलेली असताना त्यांतल्या एकाला ठिगळ कसं म्हणायचं?

‘पहिल्यापासून दुःखी प्रियकर’ हा दावाही टिकत नाही. सुरुवातीचा बार्नाबस दुष्ट आहे. तो मॅगी इव्हान्सला पळवतो आणि तिचं नाव, तिचं मन पुसून तिची जोसेट बनवायला बघतो. ते प्रसंग आजही पाहवत नाहीत. गुपित फुटू नये म्हणून डॉक्टर वुडर्डसारख्या भल्या माणसाला तो मारतो. बेत असा होता की काही आठवडे हा धुमाकूळ घालेल आणि मग छातीत खुंटी ठोकून त्याला संपवायचं. बेत बदलला तो जोनाथन फ्रिडमुळे. हा कॅनडातल्या हॅमिल्टनचा, शेक्सपिअरच्या नाटकांत घडलेला रंगभूमीवरचा नट. त्याला संवाद पाठ करणं जड जायचं, दडपण यायचं, नजर पडद्यामागच्या संवादपाट्या शोधायची. त्या चेहऱ्यावरची अस्वस्थता प्रेक्षकांना बार्नाबसची वेदना वाटली आणि पत्रांचा पाऊस पडला. मग लेखकांना प्रश्न पडला की या माणसाला एवढं कसलं दुःख आहे?

उत्तर शोधायला ते १७९५ सालात गेले. इथे ‘धरबंध उरला नाही’ या आरोपाचा विचार करावा लागतो, कारण काळातली ही उडीच त्याचा पुरावा म्हणून दाखवतात. नोव्हेंबर १९६७ मध्ये सारा या बार्नाबसच्या छोट्या बहिणीच्या भुताला काय हवं आहे हे विचारण्यासाठी वाड्यात प्लँचेट होतं. दिवे जातात, व्हिक्टोरिया नाहीशी होते आणि १७९५ मध्ये त्याच साराची गव्हर्नेस म्हणून उभी राहते. पुढचे चार-पाच महिने वर्तमानकाळ जवळजवळ बंदच. दुपारच्या मालिकेत याआधी असं धाडस कोणी केल्याचं मला तरी आठवत नाही. जोसेटशी लग्न ठरण्याआधी बार्नाबसने तिच्या अँजेलिक या दासीशी संबंध ठेवले, मग तिला झिडकारलं. ती चेटकीण निघाली आणि तिने शाप दिला. व्हॅम्पायरचं मूळ असं मालकाने दासीशी केलेल्या बेइमानीत आहे. लारा पार्करने अँजेलिक अशी उभी केली आहे की तिचा राग येतो आणि तिची बाजूही कळते. शापाची झळ सगळ्यांना लागते. सारा जाते, आई नाओमी विष घेते, जोसेट कड्यावरून उडी मारते. बाप जोशुआ, ज्याने आयुष्यभर घराण्याचं नाव जपलं, त्याच्याने पोराचा जीव घेववत नाही. तो शवपेटीला साखळदंड घालायला लावतो आणि जगाला सांगतो की मुलगा इंग्लंडला गेला. विलीने तोडले ते हेच साखळदंड.

शिवाय जुन्या काळातली माणसं तेच नट साकारतात. लुई एडमंड्स वर्तमानात पळपुटा रॉजर असतो आणि १७९५ मध्ये ताठ कण्याचा जोशुआ. एकेकाळची हॉलिवूडची तारका जोन बेनेट इकडे एलिझाबेथ, तिकडे नाओमी. घराण्याचा वारसा म्हणजे काय, हे चेहऱ्यांवरूनच कळत जातं.

१९६९ मधलं १८९७ सालचं कथानक मला याहूनही आवडतं. क्वेंटिन कॉलिन्स बायकोचा, जेनीचा जीव घेतो. तिची बहीण माग्दा त्याला आणि त्याच्या वंशाला लांडगा होण्याचा शाप देते. मग तिला कळतं की जेनीला जुळी मुलं झाली होती, म्हणजे शाप आपल्याच बहिणीच्या रक्तावर पडला. माग्दा साकारणाऱ्या ग्रेसन हॉलचा त्या क्षणाचा चेहरा ज्यांनी पाहिला त्यांनी कथेत अर्थ नाही असं म्हणून दाखवावं.

सगळंच असं नाही. १९६८ मधला स्वप्नांचा शाप फार ताणला आहे, एकच स्वप्न एकेका पात्राला पडत राहतं आणि पाहणारा थकतो. १९६९ च्या अखेरीचं लेव्हायथन या प्राचीन अमानवी जीवांचं कथानकही फसलं. आणि ते का फसलं हे मला सांगता येतं: तिथलं संकट कॉलिन्स घराण्याच्या पापातून आलेलं नाही, कुठून तरी बाहेरून आलेलं आहे. जिथे भुतं खरोखर बाहेरून आणली, तिथेच मालिका पडली.

चुकांबद्दल थोडक्यात. बूम माइकची सावली दिसते, दारं अडकतात, नट संवाद विसरतात, हे सगळं आहे. आठवड्याला पाच भाग, मॅनहॅटनमधला छोटा स्टुडिओ, आणि व्हिडिओटेप कापून जोडणं इतकं महागडं आणि किचकट की प्रसंग सहसा थेट प्रक्षेपणासारखा एका दमात चित्रित व्हायचा. चूक झाली तरी पुढे जायचं. आपल्याकडे नाटकाच्या प्रयोगात नट अडखळला म्हणून आपण उठून जात नाही. लेला स्विफ्ट या दिग्दर्शिकेने पहिला भाग केला आणि शेवटचाही. तेवढ्याशा जागेत मेणबत्त्या, धूर आणि रॉबर्ट कोबर्टचं संगीत यांच्या जोरावर तिने जे उभं केलं, ते पाहताना माइकची सावली मला खटकत नाही. लोक हसायला बसत असते तर ‘क्वेंटिन्स थीम’ ही धून १९६९ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तेराव्या क्रमांकापर्यंत गेली नसती, आणि शाळा सुटली की मुलं धावत घर गाठत ती काही खिल्ली उडवण्यासाठी नव्हे.

राहिला शेवट. २ एप्रिल १९७१ रोजी, १,२२५ भागांनंतर मालिका थांबली. प्रेक्षक घटले होते, वेळ शब्द ओळखण्याच्या एका खेळाच्या कार्यक्रमाला दिली गेली. भुतांचा वीट आला म्हणून असं म्हणणाऱ्यांनी शेवटचं कथानक जरूर पाहावं. फ्रिडला पुन्हा व्हॅम्पायर व्हायचं नव्हतं, म्हणून तो तिथे ब्रॅमवेल नावाचा साधा, तापट माणूस आहे. घरात एक शापित खोली आहे. प्रत्येक पिढीत चिठ्ठ्या टाकून घरातल्या एकाला तिथे रात्र काढावी लागते, कारण फार पूर्वीच्या एका कॉलिन्सने केलेलं पाप अजून फिटलेलं नाही. पहिल्या भागातल्या कुलूपबंद खोलीकडेच मालिका परत आली होती. शेवटच्या मिनिटांत एका मुलीच्या मानेवर दोन खुणा सापडतात, घरात एकच घबराट उडते, आणि निवेदक सांगतो की वाड्यात कोणी व्हॅम्पायर नव्हता, या वेळी त्या खुणा खरोखरच जनावराच्या दातांच्या होत्या.