पोरं घटली म्हणून क्रीडासंकुल?

बंड्या ज्यावरून पेटला तो युक्तिवाद आधी देतो, म्हणजे पुढची हाणामारी कळेल. एका विद्यापीठाची विद्यार्थिसंख्या पाच वर्षांत घसरली. त्याच काळात दुसऱ्या विद्यापीठाने मोठं क्रीडासंकुल बांधलं आणि तिथली संख्या वाढली. सबब, पहिल्यानेही क्रीडासंकुल बांधावं, पोरं परत येतील. दोन्ही विद्यापीठं काल्पनिक. प्रवेशपरीक्षेच्या सरावात असे प्रश्न असतात, युक्तिवादातली भोकं शोधा म्हणून. बंड्याचं म्हणणं, भोकंबिकं काही नाहीत, मुद्दा सरळ आहे.

"त्यांनी बांधलं, त्यांची वाढली. अजून काय पुरावा पाहिजे?"

"त्यांनी त्याच वर्षांत फी कमी केली असेल तर? नवे अभ्यासक्रम काढले असतील तर?" सुमी म्हणाली. "किंवा संख्या आधीपासूनच वाढत होती, त्यामुळे हातात पैसा आला आणि त्या पैशातून संकुल उभं राहिलं. असंही असू शकतं की रे."

हे शेवटचं बंड्याला लागलं. पण त्याच्या मदतीला नाना धावले, तेही भलत्याच बाजूने. "अरे, मुळात पोरंच कमी जन्माला येतायत. संकुल बांधा नाहीतर राजवाडा, भरणार कोण?"

नानांचं उत्तर ऐकायला पक्कं वाटतं. मास्तरांनी मात्र जपान काढलं. तिथे 1992 च्या सुमारास अठरा वर्षांची मुलं साधारण 20 लाख होती, आता 11 लाखांच्या आसपास आहेत. म्हणजे जवळपास निम्मी. तरी विद्यापीठात दरवर्षी नव्याने जाणाऱ्यांचा आकडा त्या वेळेपेक्षा कमी झाला नाही, उलट वाढला. कारण पूर्वी चारातला एक जण विद्यापीठात जायचा, आता निम्म्याहून जास्त जातात.

"आणि तरीही तिथली कितीतरी खाजगी विद्यापीठं जागा भरत नाहीत म्हणून रडतायत," मास्तर म्हणाले. "तेव्हा नाना, तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. त्या वयाची मुलं किती, त्यातली शिकायला जाणारी किती, आणि जाणाऱ्यांतली आपल्याकडे येणारी किती. क्रीडासंकुलाने हलली तर तिसरी हलेल. घसरण पहिल्या दोन्हींमुळे असेल तर संकुल काय करणार?"

"पण पाच वर्षं सलग घसरण म्हणजे काहीतरी बिघडलंच ना!" बंड्या हटायला तयार नव्हता.

"पाचच का? दहा का नाहीत?" सुमीने अमेरिकेचं उदाहरण दिलं. तिथे पदवीपूर्व विद्यार्थी 2010 मध्ये 1 कोटी 81 लाख होते, 2021 मध्ये 1 कोटी 54 लाख. आकडे पाहून कुणीही हादरेल. पण 2010 हे साल साधं नव्हतं. 2008 च्या मंदीनंतर नोकऱ्या आटल्या होत्या, आणि काम मिळेना तेव्हा लोक मोठ्या संख्येने कॉलेजात शिरले होते. शिखरावरून मोजायला लागलं की पुढे उतारच दिसतो. हे अर्धंच कारण आहे, पुढे महामारीनेही संख्या खाली ओढली. पण मोजणी कुठून सुरू केली हे न सांगता 'घसरण' म्हणणं मला तरी लबाडीच वाटते.

यानंतर मास्तरांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात भावलं. सरावाच्या उत्तरांत ते फारसं कुणी लिहीत नसावं. चार वर्षांचा अभ्यासक्रम धरा. दरवर्षी 1000 मुलं येतात, कुणी मधे सोडत नाही, एकूण 4000. एका वर्षी काही कारणाने 700 च आली. एकूण संख्या 3700. पुढच्या वर्षी पुन्हा 1000 आली तरी एकूण 3700 च, कारण ती छोटी तुकडी अजून आत आहे. चार वर्षं हा आकडा हलत नाही. पाचव्या वर्षी ती तुकडी बाहेर पडते आणि संख्या आपोआप 4000.

"आता समज, दुसऱ्या वर्षी घाबरून संकुलाचं काम काढलं आणि ते पाचव्या वर्षी पुरं झालं."

"श्रेय संकुलाला," बंड्या पुटपुटला.

"उद्घाटनाच्या भाषणात आकड्यासकट."

तेव्हा नाना उखडले. "सगळं पाडून ठेवलंत. म्हणजे संकुल बांधूच नये का?"

तसं कुणीच म्हटलं नव्हतं. युक्तिवाद लंगडा म्हणून सल्ला चुकीचाच, ही उडी बंड्याच्या उडीइतकीच लांब आहे. सुमीचा उपाय साधा होता: ज्यांना प्रवेश मिळाला आणि तरी जे आले नाहीत, त्यांना विचारा. अर्जच कमी आले असतील तर दुखणं वेगळं, आलेली मुलं मधेच सोडून जात असतील तर त्याहून वेगळं.

"विचारलं आणि त्यांनी मैदान नाही म्हणूनच सांगितलं तर?" बंड्याला पुन्हा धार चढली.

"फी झेपत नाही हे तोंडावर कोण सांगतं रे?" नाना म्हणाले. आता ते कुणाच्या बाजूने होते देव जाणे. "मैदान नाही म्हणणं सोपं असतं."

"मग ती मुलं शेवटी गेली कुठे ते बघा," मास्तर म्हणाले. "मैदान नसलेल्या पण स्वस्त ठिकाणी गेली असतील, तर बंड्या, तुझं संकुल राहू दे."

"आणि मैदान असलेल्या महागड्या ठिकाणी गेली असतील तर?"

"तर पहिली वीट तू ठेव."