वास गेला म्हणजे धोका गेला, असं नाही

किनाऱ्यावर समुद्री शेवाळाचा खच पडला की बातम्यांत पर्यटकांची नाराजी येते, हॉटेलांचं नुकसान येतं. तो खच उपसणाऱ्या आणि त्याच्या शेजारी घरं असलेल्या माणसांच्या छातीत काय जातं, हे क्वचितच येतं. मला हे फार खटकतं.

पाण्यावर तरंगणारं ताजं शेवाळ माणसाला सहसा काही करत नाही, उलट माशांच्या पिल्लांना त्याचा आसरा असतो. वाळूवर त्याचे ढीग साचले की मात्र आत हवा पोचत नाही, दोनेक दिवसांत ते कुजू लागतं आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड व अमोनिया सुटतात. डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं, मळमळतं. दमेकऱ्यांचे तर हालच.

सडक्या अंड्यांसारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरेक भाग झाले की नाकाला तो वास कळेनासा होतो. माणसाला वाटतं, वाऱ्याने दिशा बदलली. प्रमाण आणखी काही पटींनी वाढलं तर तो जागीच कोसळू शकतो.

फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर हे घडलेलं आहे. तिथे शेतांतलं आणि वराहपालनातलं नायट्रेट समुद्रात उतरतं आणि हिरवं शेवाळ माजतं. २००९ मध्ये अशा चिखलात एक घोडा मेला, त्याचा स्वार बेशुद्ध पडला. २०११ मध्ये एका खाडीच्या मुखाशी छत्तीस रानडुकरं मेली. २०१६ मध्ये त्याच भागात धावायला गेलेला माणूस परतला नाही. त्याच्या मृत्यूला सरकारही जबाबदार आहे, हे न्यायालयाने मान्य करेपर्यंत २०२५ उजाडलं. नऊ वर्षं! त्या कुटुंबाने ती कशी काढली असतील?

कॅरिबियन बेटांवर २०११ पासून सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ लोटतं आहे. २०१८ मध्ये ग्वादलूप आणि मार्टिनिकच्या डॉक्टरांनी आठ महिन्यांत या वायूंच्या त्रासाचे अकरा हजारांहून जास्त रुग्ण नोंदवले. घरातली चांदी ज्या हवेने काळी पडते, त्याच हवेत तिथली माणसं महिनोन् महिने झोपतात. सारगॅसममध्ये आर्सेनिकही असतं, त्यामुळे उपसलेला ढीग कुठे टाकला जातो हेही बघायला हवं.

शेवाळ कुजायच्या आत उचललं गेलं पाहिजे आणि उचलणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर वायू मोजणारं यंत्र हवं. कापडी मास्क बांधून हा वायू अडत नाही. तसा मास्क देऊन कामगाराला ढिगात उतरवणं म्हणजे त्याची फसवणूक आहे, असं मी स्पष्ट म्हणेन.

आणि मुलांना घेऊन किनाऱ्यावर जाणाऱ्यांनो, वरून वाळून कडक झालेल्या ढिगावर पाय देऊ नका. साल फुटली की आत कोंडलेला वायू एकदम बाहेर येतो. तो हवेपेक्षा जड असल्याने खालीच रेंगाळतो, आणि वाळूत खेळणाऱ्या मुलाचं नाक आपल्या गुडघ्याएवढ्याच उंचीवर असतं.