गरुडाच्या ‘पुनर्जन्मा’च्या संदेशाबाबत खुलासा

गुहागरच्या किनाऱ्यावर आम्ही शाळकरी मुलांना दुर्बिणीतून दाखवलेल्या समुद्री गरुडाचा, म्हणजे आपल्याकडच्या काकणाचा, फोटो जोडून एक संदेश फिरतो आहे: गरुड ७० वर्षे जगतो, चाळिशीत चोच खडकावर आपटून तोडतो, पिसे उपटतो आणि पाच महिन्यांनी नवा होतो.

हे खरे नाही. चोचीवरचे कठीण आवरण आपल्या नखांसारखे आयुष्यभर वाढते आणि वापराने झिजते. आतल्या हाडासकट मोडलेली चोच मात्र पुन्हा येत नाही, आणि चोचीवाचून भक्ष्य फाडू न शकणारा पक्षी पाच महिने उपाशी जगणे शक्यच नाही. पिसे तर थोडी थोडी करून गळतात, म्हणून उडणे थांबत नाही. त्या सकाळी समुद्रसाप पायांत धरून सुरूच्या झाडावरील घरट्याकडे वळलेल्या काकणाच्या पंखात एका पिसाची फट मुलांनी स्वतः पाहिली. तीच त्याची खरी कात टाकणे. मोठे गरुड रानात साधारण २०-३० वर्षे जगतात.

संदेश धीर देण्यासाठी लिहिलेला असावा, हे मी समजू शकतो. पण घरट्यापासून लांब, तासभर न बोलता बसून मुलांनी जे पाहिले, त्याच फोटोखाली चुकीची माहिती जावी, याचे मला फार वाईट वाटते. कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाका.